पत्र्याचा स्क्रू
पारनेर, राहुरी, संगमनेर या तालुक्यांतून कांदाचाळी आणि गोठे उभारणाऱ्या कारागिरांच्या हाती अलीकडे आलेले बॅटरीवरचे इम्पॅक्ट ड्रायव्हर हे यंत्र, शिवारात वीज कधी येईल याची तमा न बाळगता लोखंडी पाइपांवर पत्रा जखडते, हा त्याचा उघड गुण होय. परंतु त्याचे खरे सामर्थ्य अंतर्रचनेत आहे. स्क्रूचा प्रतिकार वाढला की आतील स्प्रिंगवरचा हातोडा क्षणभर मागे सरून ऐरणीवर फिरत्या दिशेनेच आघात करतो, आणि असे आघात मिनिटाला हजारोंनी होत असल्यामुळे, साध्या ड्रिलने मनगटाला बसणारा पीळ येथे बहुतांशी यंत्रातच जिरतो. छपराच्या काठाशी, शिडीवर तोल सांभाळीत उभ्या असलेल्या माणसाला तो पीळ टळणे किती मोलाचे, हे सांगणे नलगे. मात्र शक्ती मुबलक आहे म्हणून चाप दाबूनच ठेवणे मला सर्वथा गैर वाटते: स्क्रूखालचा रबरी वायसर पत्र्यावर टेकून यत्किंचित फुगला की हात थांबवावा, कारण तो चिरडला गेला तर पहिल्याच वळवाचे पाणी चाळीतील उन्हाळी कांद्यावर उतरते, आणि ओला कांदा सडण्यास विलंब लागत नाही.