जुना अँप्लिफायर आणि नवे कर्णे

तरुणांच्या नादांत वडील माणसांनीं लक्ष घालूं नये, असें आमच्या घरचें एक अलिखित कलम आहे. गेल्या महिन्यांत तें आम्हांस मोडावें लागलें, आणि त्या निमित्तानें जें शिकावयास मिळालें तें वाचकांपुढें ठेवावेंसें वाटतें. ज्या घरांत मोटार आहे आणि वीस-पंचवीस वर्षांचा मुलगा आहे, त्या घरांत हा प्रश्न आज ना उद्यां उभा राहणारच.

आमच्या वडील बंधूंच्या चिरंजिवांनीं आपल्या मोटारीच्या डिकींत दोन सबवूफर बसविलेले आहेत. सबवूफर म्हणजे केवळ खर्जाकडील नाद काढणारा मोठा कर्णा. त्यांस शक्ति पुरविणारा अँप्लिफायर मूळचा आमच्या धाकट्या बंधूंचा. आठ वर्षांपूर्वीं ते परदेशीं नोकरीस गेले तेव्हां पुतण्यास देऊन गेले. यंदा एका कर्ण्याचा पडदा फाटला, म्हणून चिरंजिवांनीं दोन्ही बदलून थोडे उंची घ्यावयाचे ठरविलें. दुकानदारानें विचारिलें, "पूर्वींचे किती ओहमचे?" यांनीं सांगितलें, "दहा इंची, चार ओहमचे." त्यानें दहा इंची, चार ओहमचे दोन नवे कर्णे दिले व जोडूनहि दिले.

पहिलीं पांच मिनिटें सर्व उत्तम चाललें. नंतर अँप्लिफायरवर तांबडा दिवा लागला आणि आवाज बंद. थंड झाला कीं पुन्हां चालू, पुन्हां बंद. दुकानदाराचें निदान असें कीं, अँप्लिफायर म्हातारा झाला, आतां मोठा घ्यावा. चिरंजीव तो विकावयास निघाले. ही बातमी धाकट्या बंधूंस दूरध्वनीवर समजली. ते कांहींच बोलले नाहींत, आणि आमच्या घरांत कोणी कांहींच न बोलणें याचा अर्थ सर्वांस ठाऊक आहे. शेवटीं वहिनी आम्हांस म्हणाल्या, "भावोजी, तुम्ही एकदां बघा तरी."

आम्हीं प्रथम अँप्लिफायरच्या पाठीवरची पट्टी वाचली. चार ओहमवर ३०० वॅट, दोन ओहमवर ५०० वॅट, आणि दोहोंच्या खालीं जाऊं नये, असें तीवर स्पष्ट छापलेलें होतें. मग नव्या कर्ण्यांचीं खोकीं पाहिलीं. त्यांवर चार ओहम हें खरें. परंतु त्याच ओळींत, अगदीं बारीक अक्षरांत, वेटोळीं दुहेरी असल्याचें लिहिलें होतें. घोटाळा येथेंच होता. जुन्या प्रत्येक कर्ण्यांत तारेचें एकच वेटोळें होतें, चार ओहमचें. असे दोन कर्णे समांतर जोडले म्हणजे अँप्लिफायरला दोन ओहमच दिसत व तो सुखानें ५०० वॅट देई. नव्यांत प्रत्येकीं दोन, म्हणजे एकूण चार वेटोळीं, आणि दुकानांतील मनुष्यानें तीं चारही समांतर जोडलीं. चाराचे चार भाग; उरला एक ओहम.

जर्मन शास्त्रज्ञ गेऑर्ग ओहम यानें १८२७ सालीं जो नियम प्रसिद्ध केला तो शाळेंत आपण सर्वांनींच पाठ केला आहे: दाब तोच ठेवून रोध निम्मा केला तर प्रवाह दुप्पट होतो. एका टाकीस दोनाऐवजीं चार तोट्या सोडल्या तर पाणी जोरानें जातें खरें, पण पंपाची काय दशा होते तें उन्हाळ्यांत पुष्कळांनीं पाहिलें असेल. अँप्लिफायर तापला आणि जळण्यापेक्षां स्वतः बंद झाला. तें म्हातारपणाचें लक्षण नव्हे, शहाणपणाचें होतें. सगळेच अँप्लिफायर इतके शहाणे नसतात, हेंहि सांगून ठेवतों.

आतां उपाय. त्या रात्रीं जेवणें आटोपल्यावर चिरंजिवांस शेजारीं बसवून आम्हीं कागदावर हिशेब मांडला. दोन-दोन ओहमचीं दुहेरी वेटोळीं असलेले दोन कर्णे घेतले असते, तर प्रत्येकाचीं वेटोळीं एकसर जोडून चार, आणि दोन्ही कर्णे समांतर जोडून दोन ओहम झाले असते. ५०० वॅट पूर्ण मिळते. किंवा आणलेल्यांपैकीं एकच कर्णा ठेवावा व त्याचीं दोन वेटोळीं समांतर जोडावीं. तरीहि दोन ओहमच, मात्र पांचशेच्या पांचशे वॅट एकट्यानें सोसावयाचे, आणि हे कर्णे प्रत्येकीं ३०० वॅटचे. तिसरा मार्ग म्हणजे प्रत्येक कर्ण्याचीं वेटोळीं एकसर करून आठ करावयाचीं व दोन्ही कर्णे समांतर जोडून चार ओहम साधावयाचे. यांत अँप्लिफायर ३०० वॅट देतो, प्रत्येकाच्या वांट्यास दीडशें. दुकानदार जोडलेला माल परत घेईना. तेव्हां हाच मार्ग उरला.

चिरंजिवांचें तोंड उतरलें. दोनशें वॅट गेले! परंतु कान वॅट मोजत नाहीं. शक्ति दुप्पट केली तर आवाज तीन डेसिबल वाढतो, आणि तो कानास दुप्पट वाटावयास सुमारें दहा डेसिबल लागतात. पांचशेंचे तीनशें झाले म्हणजे घट होते २.२ डेसिबल. शिवाय खर्जांत दोन सारखे कर्णे मिळून वाजूं लागले, तर तेवढ्याच शक्तींत एकट्याहून तीन डेसिबल अधिक देतात. म्हणून ३०० वॅटवरचे दोन हे ५०० वॅटवरच्या एकट्यापेक्षां किंचित् वरचढच ठरतात, आणि कोणाच्याच जिवावर बेतत नाहीं. खरेदीच्या वेळीं वॅटच्या आंकड्यापेक्षां कर्ण्याची संवेदनशीलता, म्हणजे एका वॅटला तो किती डेसिबल देतो, हें आधीं पाहावें. ती तीन डेसिबल अधिक असली तर अँप्लिफायर न बदलतां दुप्पट झाला असें समजावें.

वॅटच्या आंकड्यांविषयीं आमचें मत फारसें चांगलें नाहीं. खोक्यावर ठळक छापलेला आंकडा बहुधा क्षणिक कमाल शक्तीचा असतो. कामाचा तो आर. एम. एस. या तीन अक्षरांपुढचा, सतत सोसावयाच्या शक्तीचा. अँप्लिफायरची परीक्षा फ्यूजवरून घरच्या घरीं होते. फ्यूज ६० अँपियरचा आणि गाडी चालू असतांना दाब १४.४ व्होल्ट, म्हणजे आंत जाणारी शक्तीच ८६४ वॅट. त्यांतील कांहीं भाग उष्णतेंत जाणारच. असा अँप्लिफायर तीन हजार वॅट देतो असें खोक्यावर छापलेलें असेल, तर तें छापणाऱ्याची कल्पनाशक्ति समजावी.

जोडणी बदलल्यावर पुष्कळ लोक एक चूक करतात, ती म्हणजे आवाज थोडा कमी वाटला कीं अँप्लिफायरवरची गेनची कळ उजवीकडे पिळणें. दोन ओहमवर ५०० वॅट म्हणजे ३१.६ व्होल्ट, चार ओहमवर ३०० वॅट म्हणजे ३४.६, फरक नगण्य आहे, कळ होती तेथेंच बरी. तिच्या पलीकडे गेलें कीं नादाच्या लहरींचे माथे छाटले जातात, आणि कर्ण्याचें वेटोळें अशा छाटलेल्या नादानें तापून जळतें. कमी शक्तीच्या अँप्लिफायरनें कर्णा बिघडतो ही समजूत खरी नाहीं; कमी शक्तीच्या अँप्लिफायरला पिळणारा हात तो बिघडवितो.

येथें आमचे वडील बंधु वर्तमानपत्रांतून डोकें काढून म्हणाले, "एवढा खटाटोप कशासाठीं? गाण्यास याची गरज काय?" प्रश्न रास्त होता. पांढरी एकमध्यें गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज सेकंदास सुमारें १३१ कंपनांचा, आणि खर्जांतला षड्ज सुमारें ६५ चा. सबवूफरला काम देतात तें सामान्यतः ८० कंपनांच्या खालचें. म्हणजे बंधूंना प्रिय असलेल्या ख्यालास हे कर्णे बहुतेक वेळ स्वस्थ बसून असतात. पखवाजाची थाप, डग्ग्याचा घुमारा, आणि हल्लींचें चित्रपटसंगीत यांत मात्र फरक पडतो. बंधूंनीं "मग ठीक आहे" म्हणून पुन्हां वर्तमानपत्र वर धरलें. या घरांत याहून मोठी संमति मिळत नाहीं.

रविवारीं सकाळीं चिरंजिवांनीं स्वतः जोडणी बदलली. चालू करण्यापूर्वीं आम्हीं मीटर लाविला, तो ३.४ दाखवी. आंकडा चारांहून थोडा कमीच यावयाचा, कारण मीटर नुसत्या तारेचा रोध मोजतो. पण एकाच्या आसपास आला असता तर तसेच थांबलों असतों. मग मातोश्रींस मागें बसवून कात्रजच्या घाटापर्यंत जाऊन आलों. दीड तासांत तांबडा दिवा एकदांहि लागला नाहीं. मातोश्रींची तक्रार एवढीच कीं, पाठीस कोणी बुक्के मारीत आहे असें वाटतें. त्यावर कळ थोडी डावीकडे फिरविण्यांत आली.

पेटीचें काम अद्यापि व्हावयाचें आहे. ऑस्ट्रेलियांतील नेव्हिल थील यांनीं १९६१ सालीं आणि पुढें रिचर्ड स्मॉल यांनीं कर्णा व पेटी यांचें गणित बसवून दिलें; तेव्हांपासून प्रत्येक कर्ण्यास अमुक घनफुटांची पेटी हवी हें आधीं सांगतां येतें. नव्या कर्ण्यांस प्रत्येकीं ०.६० घनफुटांची बंद पेटी हवी आहे. आमच्या जुन्या पेटीचा एकेक कप्पा आंतून १३ गुणिलें ११ गुणिलें १० इंच, म्हणजे १४३० घन इंच. १७२८ नीं भागिल्यास ०.८३ घनफूट, आणि त्यांतून कर्णाच सुमारें ०.०५ अडवितो. शिवाय ती पेटी भोंक ठेवलेली. अशा पेटींत ठराविक कंपनांखालीं पडद्यास हवेचा आधार राहत नाहीं व तो वाजवीपेक्षां जास्त हलतो; बंद पेटींत आंतली हवाच स्प्रिंगसारखी त्यास आवरते. भोंक बुजवून प्रत्येक कप्प्यांत सुमारें ३१० घन इंचांचे लांकडाचे ठोकळे घट्ट बसवावयाचे आहेत. सुतारानें पुढल्या गुरुवारचा वायदा केला आहे. धाकट्या बंधूंनीं काल दूरध्वनीवर पेटीचीं मापें विचारून घेतलीं, आणि ठोकळे खिळ्यांनीं नव्हे, सरसानें बसवा, असें दोनदां बजाविलें.