सुईची धमकी नको
‘मस्ती केलीस तर डॉक्टर सुई टोचतील!’ ही धमकी अनेक घरांत सर्रास दिली जाते. मग 10व्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची लस घ्यायची वेळ आली की तेच मूल दाराआड लपते. मोठेपणी याच भीतीपायी कोणी रक्ततपासणी लांबवतो, कोणी इन्सुलिन टाळतो. ‘दुखणारच नाही’ असे खोटे सांगण्यापेक्षा ‘क्षणभर टोचेल’ हे खरे सांगावे. तान्ह्या बाळाला लस देताना अंगावर पाजावे. मोठ्या मुलाला मांडीवर बसवून गोष्टीत गुंतवावे. सुई पाहून भोवळ येणाऱ्यांचा रक्तदाब एकदम उतरतो. त्यांनी पाय-पोटाचे स्नायू 10-15 सेकंद आवळून सैल सोडावेत, असे चार-पाचदा करावे. सुई घ्यायचा हात मात्र सैल ठेवावा. भित्रा म्हणून हिणवल्याने भीती जात नाही, लस मात्र राहून जाते.