ब्राउझरची अक्षरे, आपल्या डोळ्यांच्या मापाची

चाळिशीनंतर बारीक अक्षर दिसेनासे होणे यात नवीन काही नाही. पूर्वी वर्तमानपत्र हातभर लांब धरले जायचे, मग एक दिवस चष्मा यायचा. मोबाइल आल्यापासून मात्र वेगळेच घडू लागले आहे. अक्षर दिसत नाही म्हणून दादी किंवा अब्बा मोबाइलच दुसऱ्याच्या हातात देतात. ‘बघ रे बेटा, काय लिहिलंय ते.’ त्या मोबाइलबरोबर बँकेचा निरोप, ओटीपी, दवाखान्याचा रिपोर्ट, घरातली बोलणी हे सगळेच त्या हातात जाते. समोर घरचा नातू असेल तर ठीक. पण दर वेळी नातूच असतो असे नाही. कधी सायबर कॅफेतला मुलगा असतो, कधी अर्ज भरून देणारा एजंट असतो.

गंमत अशी की यातल्या निम्म्या वेळा इलाज मोबाइलमध्येच असतो आणि तो फुकट असतो. ज्या ॲपमधून आपण इंटरनेटवरची पाने उघडतो, त्या ब्राउझरचे रूप आपल्याला हवे तसे बदलता येते. बहुतेक घरांत हे सेटिंग मोबाइल घेतल्या दिवशी जसे होते, तसेच आजही असते. या महिन्यात तेवढेच काम करू या.

हा हक्क वाचणाऱ्याचाही आहे

अनेकांना वाटते की पान जसे बनवले आहे तसेच ते दिसणार, त्यात आपण काय करणार? पण इंटरनेटच्या पानांची रचना ठरली तेव्हाच हा विचार झाला होता. १९९४ मध्ये हाकोन वियम ली या नॉर्वेच्या तंत्रज्ञाने पानांच्या सजावटीसाठी एक पद्धत सुचवली. तिलाच आपण आज सीएसएस म्हणतो. पानाचे रूप ठरवण्यात पान बनवणाऱ्याबरोबर वाचणाऱ्याच्या पसंतीलाही जागा असावी, हे त्या प्रस्तावातच होते. १९९६ मध्ये ही पद्धत अधिकृत झाली. आजही संकेतस्थळांसाठीच्या आंतरराष्ट्रीय निकषांत दोन अपेक्षा आहेत. अक्षर दुप्पट मोठे केले तरी पान मोडता कामा नये, आणि साधे अक्षर व पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान साडेचार पटींचा फरक असावा. सगळ्याच साइट हे पाळत नाहीत, म्हणून आपल्या बाजूची कळ माहीत असलेली बरी.

आधी मोबाइल

अँड्रॉइड मोबाइलवर क्रोम उघडा. कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर बोट ठेवा, ‘सेटिंग्ज’मध्ये जा आणि ‘ॲक्सेसिबिलिटी’ निवडा. तिथे अक्षर मोठे करण्याची सरकपट्टी मिळेल. जुन्या आवृत्तीत तिचे नाव ‘टेक्स्ट स्केलिंग’ आहे, नव्या आवृत्तीत ‘डिफॉल्ट झूम’. पट्टी हळूहळू उजवीकडे न्या आणि चष्मा न ताणता वाचता येईल तिथे थांबा.

त्याच पानावर ‘फोर्स एनेबल झूम’ नावाचा पर्याय आहे. तो जरूर चालू करा. काही साइट दोन बोटांनी पान मोठे करू देत नाहीत. अर्ज भरताना हा अनुभव अनेकांनी घेतला असेल. हा पर्याय चालू असला की साइटची ती मनाई चालत नाही.

आयफोनवरच्या सफारीत पत्त्याच्या पट्टीजवळच्या चिन्हातून त्या साइटपुरते अक्षर लहानमोठे करता येते. सरकारी साइटवर पानाच्या वरच्या बाजूला अनेकदा लहानमोठ्या ‘अ’ची छोटी बटणे असतात. तीही याच कामाची.

संगणकावर

कंट्रोलचे बटण दाबून अधिकचे चिन्ह दाबले की पान मोठे होते, उणे दाबले की लहान. कंट्रोल आणि शून्य दाबले की पान मूळ मापावर येते. कोणत्या साइटवर किती मोठे केले होते, हे ब्राउझर लक्षात ठेवतो.

कायमचा बदल हवा असेल तर क्रोमच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘अपिअरन्स’ उघडा. तिथे ‘फॉन्ट साइज’ आहे. नेहमीचे माप १६ पिक्सेलचे असते. ‘लार्ज’ निवडले तर ते २० होते, ‘व्हेरी लार्ज’ निवडले तर २४. त्याखाली ‘कस्टमाइझ फॉन्ट्स’मध्ये ‘मिनिमम फॉन्ट साइज’ मिळेल. यापेक्षा बारीक अक्षर दाखवायचे नाही, अशी ताकीद तिथे देता येते. अटी आणि शर्ती ज्या मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेल्या असतात, त्यांच्यासाठी हे उत्तम. ‘फॉन्ट साइज’ बदलूनही एखाद्या साइटचे अक्षर हलले नाही, तर त्या साइटने माप पक्के बांधलेले आहे असे समजा आणि ‘पेज झूम’ वापरा.

मराठी वाचणाऱ्यांना मापाची गरज थोडी जास्तच असते. बारीक अक्षरात ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’, ‘ष’ आणि ‘प’ एकसारखे दिसू लागतात. अनुस्वार आणि रफार तर दिसतच नाहीत. नावाच्या रकान्यात अशी एक चूक राहिली की आधार कार्डाशी नाव जुळत नाही, आणि मुलांच्या शिष्यवृत्तीचा अर्ज अडकतो.

उर्दू आणि अरबी पानांसाठी

आपल्यापैकी अनेक घरांत उर्दूही वाचली जाते. वडीलधाऱ्यांचा डोळा छापील उर्दूच्या नस्तालिक वळणाला सरावलेला असतो. मिर्झा अहमद जमील यांनी १९८१ मध्ये नूरी नस्तालिक हे वळण संगणकावर आणले आणि उर्दू वर्तमानपत्रांचे कातिबाने हाताने लिहिण्याचे काम हळूहळू यंत्राकडे गेले. तरीही संगणकावरची बरीच उर्दू पाने सरळ नस्ख वळणात उघडतात, आणि अब्बा म्हणतात, ‘हे वाचवत नाही.’

फायरफॉक्समध्ये याला उपाय आहे. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘फॉन्ट्स’च्या विभागात ‘ॲडव्हान्स्ड’ उघडा. तिथे प्रत्येक लिपीसाठी वेगळा फॉन्ट ठरवता येतो. ‘अरेबिक’ लिपी निवडा आणि संगणकात असलेला नस्तालिक फॉन्ट द्या. विंडोजसाठी ‘उर्दू टाइपसेटिंग’ हा फॉन्ट मिळतो, आणि ‘नोटो नस्तालिक उर्दू’ विनामूल्य मिळतो. ‘जीम’ आणि ‘खे’ यांतला फरक एका नुक्त्याच्या जागेचा आहे, म्हणून इथेही माप जरा मोठेच ठेवा.

त्याच चौकटीत साइटला स्वतःचा फॉन्ट वापरू देण्याची एक खूण असते. ती सहसा काढू नका. काही कुराण-वाचनाच्या साइट मुसहफच्या प्रत्येक पानासाठी वेगळा फॉन्ट वापरतात. त्यावर आपण आपला फॉन्ट लादला तर आयतीची अक्षरे बिघडून भलतीच दिसू शकतात. अशा साइटवर फक्त पान मोठे करावे, फॉन्टला हात लावू नये.

काळा पडदा की पांढरा?

‘थीम’मध्ये उजळ, गडद आणि ‘मोबाइलप्रमाणे’ असे तीन पर्याय असतात. गडद म्हणजे डोळ्यांना हमखास चांगले, असा समज आहे. तो सरसकट खरा नाही. रात्री अंधारात किंवा मोतीबिंदूमुळे पांढऱ्या पडद्याची तिरीप सहन होत नसेल, तर गडद पडद्याने आराम पडतो. पण दिवसा उजेडात बहुतेकांना पांढऱ्यावरचे काळे अक्षरच स्पष्ट दिसते, आणि काहींना काळ्यावरचे पांढरे अक्षर पसरल्यासारखे वाटते. दोन्ही वापरून पाहा आणि वाचणाऱ्यालाच ठरवू द्या.

लांब लेखासाठी आणखी एक सोय आहे. फायरफॉक्सचा ‘रीडर व्ह्यू’ आणि क्रोमचा ‘रीडिंग मोड’ जाहिराती बाजूला करून फक्त मजकूर दाखवतात. अक्षर, ओळींमधले अंतर आणि पार्श्वभूमीचा रंग तिथेच बदलता येतो. अर्जाच्या पानावर मात्र याचा उपयोग नाही.

सजावट करताना एक खबरदारी

मुलांना ब्राउझर सजवायला आवडते. ‘थीम’ फक्त रंग आणि चित्र बदलते, त्यात सहसा धोका नाही. पण ‘फॉन्ट सुंदर करा’, ‘सगळे काळे करा’ अशी जी ‘एक्स्टेन्शन’ मिळतात, त्यांतली अनेक ‘सर्व साइटवरील तुमचा डेटा वाचण्याची आणि बदलण्याची’ परवानगी मागतात. सर्व साइटमध्ये बँकही आली. ज्या संगणकावर घराचे व्यवहार होतात, तिथे अशी परवानगी विचार न करता देऊ नये. वर सांगितलेल्या कोणत्याही गोष्टीसाठी एक्स्टेन्शन लागत नाही.

या आठवड्यात करण्यासारखे

जुम्म्याच्या दिवशी घरचे सगळे एकत्र असतील, तेव्हा अर्धा तास काढा. मोबाइल आपल्या हातात घेऊन सेटिंग बदलून देऊ नका. तो दादीच्याच हातात असू द्या, शेजारी बसा आणि सरकपट्टी त्यांनाच सरकवू द्या. मग बँकेचा एक निरोप त्यांना स्वतः वाचायला सांगा. रक्कम, तारीख आणि शेवटचे चार आकडे न अडखळता वाचता आले की माप बरोबर बसले. वहीच्या शेवटच्या पानावर पायऱ्या मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, म्हणजे मोबाइल बदलला तरी अडणार नाही.

आणि एवढे करूनही अक्षर धूसर दिसत असेल, सरळ रेघ वाकडी वाटत असेल किंवा एकाच डोळ्याने कमी दिसत असेल, तर तो सेटिंगचा दोष नव्हे. अशा वेळी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायला उशीर करू नका.