भाग जुने, यंत्र नवे?

“यात नवे ते काय? सायकलचे चाक जुने आणि फवारणीचा पंपही जुनाच!” किनवटला एका शालेय विज्ञान प्रदर्शनात परीक्षकांनी असे म्हणून एका मुलाचे यंत्र बाजूला सारले. मी शेजारीच उभा होतो. कपाशीच्या ओळीतून चाक ढकलत नेले की पंपाचा दट्ट्या आपोआप वर-खाली होई. असे फवारे आज बाजारात मिळतात, हे खरे. पण मग ‘हे पूर्वी झाले आहे’ असे सांगावे. भाग जुने असणे हा काही दोष नव्हे. भाग जुनेच असतात!

विद्यार्थी मित्रहो, छत्रीच्या दांड्यात विजेरी बसवली, तर दोघींचे काम वेगवेगळे चालते. एकीचे दुसरीवाचून काही अडत नाही. आपला १९७० चा पेटंट कायदा अशा जोडणीला शोध मानत नाही. फवाऱ्यात मात्र चाक थांबले की पंपही थांबतो.

तेवढ्यानेही भागत नाही म्हणा. लेथवर भांडे धरण्याच्या एका युक्तीचे पेटंट सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली रद्दच ठरवले. ही तर कारखान्यातली नेहमीची सुधारणा, असे मत पडले. खटला मिर्झापूरचा होता.

पुण्याच्या बजाज ऑटोचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे. सिलिंडरात एकाच बाजूला स्पार्क प्लग असला की ज्योत पलीकडे पोचायला वेळ लागतो आणि विरळ मिश्रण नीट जळत नाही. दोन प्लग असले की ज्वलन लवकर पुरे होते. दोन प्लगची विमान-इंजिने कितीतरी जुनी. पण ४५ ते ७० मिलिमीटर व्यासाच्या लहानशा सिलिंडरावर दुसऱ्या प्लगला जागा काढणे, वंगणापासून त्याला नळीने जपणे, हे कोणालाही सुचले असते काय? २००७ मध्ये टीव्हीएसने दोन प्लगची गाडी आणली. २००८ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी तिला मनाई केली; २००९ मध्ये खंडपीठाने ती उठवली. अखेर २०१९ साली उभयतांनी तडजोड केली.

न्यायमूर्तींचे एकमत होईना, तिथे आपण चहा संपेतो निकाल देतो! उत्तर पाहिल्यावर कोडे सोपेच वाटते. म्हणून यंत्र क्षणभर विसरावे आणि स्वतःला विचारावे : गावातल्या सायकल दुरुस्तीवाल्याला नुसती अडचण सांगितली असती, तर त्याने हीच जोडणी केली असती का?

त्या मुलाचे चाक पहिल्यांदा काळ्या मातीत नुसतेच घसरत होते. मग त्याने धावेवर लोखंडी पट्ट्या बसवल्या. ते त्याला कोणी विचारलेच नाही.