हेरल्डला तेल पाजा

तुमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एखादी स्टँडर्ड हेरल्ड धूळ खात उभी असेल, तर ती काढून टाकायचा विचार थोडा लांबणीवर टाका आणि आधी हे वाचा. भंगाराचा भाव महिनाभराने काही फारसा बदलणार नाही. गाडी एकदा टेम्पोवर चढली की मात्र दरवाजे एकीकडे जातात, पाटे दुसरीकडे आणि बाकीचे भट्टीत. मग दुसऱ्या गावातल्या एखाद्या हेरल्डवाल्याला ओंजळीत मावेल एवढा पितळी तुकडा हवा असतो आणि तेवढ्यासाठी त्याची धडधाकट गाडी वर्षानुवर्षे विटांवर चढलेली राहते.

माझे सांगणे एवढेच आहे की हेरल्ड वाचवता येते. ते काम पुढच्या चाकांपासून सुरू करावे लागते आणि त्याला पहिल्यांदा लागते एक लिटर गिअर ऑइल.

लायसन्स-परमिटच्या काळात मध्यमवर्गाने स्वप्न पाहावे अशा गाड्या आपल्याकडे तीनच होत्या: अँबेसिडर, फियाट आणि हेरल्ड. अँबेसिडरचे उत्पादन २०१४ साली थांबले तेव्हा देशभर हळहळ झाली. पद्मिनी टॅक्सीला मुंबईने २०२३ मध्ये निरोप दिला, तेव्हा वर्तमानपत्रांनी पानेच्या पाने लिहिली. हेरल्ड केव्हा रस्त्यावरून उठली, याची नोंदही कुणी घेतली नाही. वास्तविक तिघींमध्ये रचनेने सर्वांत धाडसी गाडी हीच होती. चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन असलेली ही तिघींतली एकटीच.

ती जन्मली इंग्लंडमध्ये, कॉव्हेंट्रीत. स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनीला १९५०च्या दशकात नवी छोटी गाडी हवी होती, पण जी फिशर अँड लडलो कंपनी तिच्या बॉड्या बनवून देत असे ती प्रतिस्पर्धी ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने विकत घेतली. अखंड बॉडी दाबून देणारे कुणी उरले नाही. तेव्हा हॅरी वेबस्टर यांच्या इंजिनिअरांनी बाकीचे जग सोडत चाललेली वेगळी चासीस पुन्हा उचलली आणि वर तुकड्यातुकड्यांनी बोल्टने जोडता येणारी बॉडी बसवली. रूप दिले तुरिनच्या जोव्हानी मिकेलोत्ती यांनी. एप्रिल १९५९ मध्ये ट्रायम्फ हेरल्ड जगासमोर आली. पुढचे अख्खे बॉनेट पुढच्या बाजूला उलथले की इंजिन, शॉकअॅब्सॉर्बर, स्टिअरिंग रॅक, सगळे हाताशी मोकळे. घरच्या घरी काम करू पाहणाऱ्या माणसाला यापेक्षा दयाळू गाडी मिळणे कठीण. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१ पासून ती ९४८ सीसी इंजिनासह आपल्याकडे बनवली. पुढे चार दरवाज्यांची आवृत्तीही काढली, जी इंग्लंडमध्ये कधी झालीच नाही. म्हणजे ती चार दारांची हेरल्ड आपण वाचवली नाही तर जगात दुसरे कुणी वाचवायला नाही.

आता पुढच्या चाकाकडे या. चाक ज्या पोलादी दांड्यावर बसते त्याला व्हर्टिकल लिंक म्हणतात. मी त्याला उभी लिंक म्हणतो. तिच्या वरच्या टोकाला बॉल जॉइंट. खालच्या टोकाला आटे पाडलेले असतात आणि त्यांवर एक पितळी ट्रनियन चढवलेला असतो. हा ट्रनियन खालच्या आर्मला नायलॉनच्या बुशांवर डुलतो. स्टिअरिंग फिरवले की उभी लिंक या आट्यांत फिरते. गाडी अवघ्या २५ फुटांच्या वर्तुळात वळते, ते चाके इतकी तिरकी होऊ शकतात म्हणून. रचना इतकी हलकी आणि नेमकी होती की कॉलिन चॅपमन यांच्या लोटसने एलान आणि सेव्हन या गाड्यांसाठी हीच लिंक उचलली. खुद्द ट्रायम्फच्या स्पिटफायरवर ती १९८० पर्यंत राहिली. अशा वस्तूला आपल्या गॅरेजांत ‘कच्चा माल’ म्हणतात, तेव्हा मला खरोखर वाईट वाटते. माल पक्का आहे, त्याला चुकीचे खाद्य मिळाले.

ट्रनियनचा तळ बंद असतो. तो तेल साठवण्यासाठीच तसा केला आहे. कारखान्याच्या पुस्तकात स्पष्ट सांगितले आहे की इथे गिअरबॉक्ससारखे घट्ट तेल भरायचे, ईपी ९० जातीचे, आणि ते वरून पाझरेपर्यंत भरायचे. आपल्याकडे मात्र निपल दिसले की ग्रीस गन लावायची, हे हातांना लागलेले वळण. ग्रीस आट्यांच्या चिंचोळ्या फटीतून वर चढत नाही. तळाशी बसते, जुने झाले की साबणासारखे घट्ट होते आणि पुढे तेल भरू म्हटले तरी वाट अडवून धरते. वरचे आटे कोरडे राहतात. रबरी सील वाळून फाटले की पावसाळ्याचे पाणी नेमके तिथे शिरते, पोलाद गंजते, खड्डे पडतात आणि त्या खड्ड्यातून तडा सुरू होतो.

गेल्या पावसाळ्याआधी पुण्यातल्या एका गॅरेजमध्ये अशीच एक लिंक बाकावर उघडली होती. मिस्त्री म्हणाले, “साहेब, ग्रीस तर फुल भरलंय, बघा ना.” खरेच भरले होते. ट्रनियन उलगडला तेव्हा खालचे चार-पाच आटे काळ्या लगद्यात होते. रॉकेलमध्ये कुंचला बुडवून आम्ही वरचा भाग घासला, तेव्हा तांबूस पाणी सुटले. आटे जिथे संपतात तिथे, लिंकच्या कमरेशी, नख फिरवले की अडकत होते. लाल रंगाचे डाय पेनिट्रंट मारले, दहा मिनिटांनी पुसले, वर पांढरा डेव्हलपर फवारला. पांढऱ्यावर केसाएवढी लाल रेघ उमटली आणि बघता बघता अर्ध्या घेरापर्यंत गेली. मिस्त्री बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी स्वतःच ग्रीस गन बाजूला ठेवली आणि विचारले, “मग यात नव्वद नंबर घालायचं का?” हो मामा, नव्वद नंबरच.

ती लिंक बाकावर सापडली हे नशीब. बहुतेक वेळा ती गाडी लावताना, स्टिअरिंग पूर्ण वळवलेले असताना तुटते आणि चाक आडवे पडते. वेगात तुटली तर काय होईल ते लिहायची गरज नाही. ज्यांची हेरल्ड आजही चालते त्यांनी या परिच्छेदानंतर एकदा बाहेर जाऊन पाहावे की ट्रनियनवर तेलाचा ओघळ आहे का. कोरडा ट्रनियन ही धोक्याची खूण. थोडे तेल गळत असेल तर ते चांगले लक्षण समजा. दर पाच हजार किलोमीटरला, आणि गाडी कमी चालत असेल तर पावसाच्या आधी व नंतर, तेल भरा. त्यासाठी जुनी ग्रीस गन पूर्ण धुऊन तिच्यात तेल घातले तरी चालते. आत ग्रीस असल्याची शंका असेल तर मात्र वरून तेल ओतून उपयोग नाही. गाडी भक्कम स्टँडवर घ्या, ट्रनियन उतरवा, साफ करा, तपासा. एका बाजूचे आटे उजवे असतात, दुसऱ्या बाजूचे डावे, त्यामुळे दोन्ही ट्रनियन एकाच डब्यात टाकू नका. परत बसवताना तो शेवटपर्यंत आवळून मग एका फेऱ्याच्या आत मागे घ्या, म्हणजे चाक दोन्हीकडे पूर्ण वळेल. खालच्या आर्मच्या ब्रॅकेटमागे पातळ पत्र्याचे शिम असतात. त्यावर चाकाचा कोन ठरतो. ते कुठून किती निघाले हे लिहून ठेवा. किती तरी हेरल्ड केवळ हे शिम झाडून कचऱ्यात गेल्यामुळे आयुष्यभर टायर खात राहिल्या.

मागच्या बाजूबद्दल थोडक्यात. तिथे एकच आडवा कमानपाटा दोन्ही चाकांना धरतो आणि अॅक्सल दोन्हीकडे झुलतात. पाटा बसला म्हणून आपल्याकडे जादा पाटा टाकायची रीत आहे. ट्रकला ते ठीक. हेरल्डचा मागचा भाग उंचावला की चाके खाली आत वळतात आणि जोरात वळण घेताना अॅक्सिलरेटरवरून पाय काढला तर बाहेरचे चाक गाडीखाली दुमडू पाहते. म्हणून पाटा मूळ कमानीइतकाच करून घ्या, एक इंचही जास्त नको. आणि रबरी बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करूनच शेवटचे आवळा, नाहीतर बुश पहिल्याच महिन्यात पिळून फाटतील.

मागच्या या झुलत्या अॅक्सलचा आपल्या मिस्त्रींना फार राग होता. १९७० च्या दशकात आलेल्या गॅझेल या हेरल्डच्या वारसदार गाडीत मद्रासच्या कंपनीनेच तो काढून साधा अखंड अॅक्सल दिला. त्यानंतर अनेकांनी आपापल्या हेरल्डला दुसऱ्याच गाड्यांचे अॅक्सल, पुढचे आर्म, कुणी तर डिझेल इंजिन बसवले. त्या काळात गाडी चालती ठेवणे ही गरज होती. मी त्यांना दोष देत नाही. पण आज ही तोडमोड करू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. एक तर व्यवहाराचे कारण आहे. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी व्हिंटेज नोंदणीचे वेगळे नियम केले. जुना नंबर असेल तर तो राखता येतो, नव्याने नोंदवायची असेल तर ‘व्हीए’ मालिकेचा मिळतो. अट अशी की वाहन मूळ रूपात असावे, चासीस, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल नसावा. व्यापारी वापर चालत नाही आणि रोजच्या कामाला गाडी काढता येत नाही, पण प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती यांसाठी काढता येते. तुमची हेरल्ड आता वयाने या नियमात बसते. ती मूळ राहिली तर कागदावर तिला संरक्षण आहे. तोडमोड केलेल्या गाडीला ते मागताना तुम्हालाच अडचण येईल.

“पण पार्ट कुठून आणू?” हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. स्पिटफायर जगभर विकली गेल्यामुळे ब्रिटनमध्ये ट्रनियन, नायलॉन बुश, सील, उभ्या लिंक आजही नव्या बनतात. तिथल्या ट्रायम्फ स्पोर्ट्स सिक्स क्लबने १९७७ पासून या गाड्यांचे ज्ञान जिवंत ठेवले आहे. मागवताना मॉडेल आणि बाजू नीट तपासा, आणि जुना भाग हाती असेल तर व्हर्निअरने मोजून मापे पाठवा. पण सगळे काही परदेशातूनच यावे असे मला वाटत नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात पॅटर्न बनवून पितळ ओतणारे आणि आटे कातणारे हात पिढ्यान्पिढ्या तयार आहेत. एक ट्रनियन घेऊन गेलात तर परवडत नाही म्हणून परत पाठवतील, आणि त्यांचे बरोबरच आहे. वीस मालक एकत्र येऊन चाळीस ट्रनियनची ऑर्डर घेऊन गेले, तर पॅटर्नचा खर्च वाटला जातो. भोसरी-चाकणला मोठमोठ्या कारखान्यांसाठी फोर्जिंगच्या तडा-तपासण्या रोज होतात. तिथल्या एखाद्या प्रयोगशाळेत तुमच्या दोन जुन्या लिंक तपासून घेणे अवघड नाही. फक्त उभी लिंक गावठी पद्धतीने बनवू किंवा वेल्ड करू नका. ते फोर्ज केलेले, उष्णतेने कमावलेले पोलाद आहे. तडा गेलेली लिंक हातोड्याने वाकवून टाका, म्हणजे ती चुकून दुसऱ्याच्या गाडीत जाणार नाही.

म्हणून तीन जणांकडे मागणे आहे. ज्यांच्याकडे न चालणारी हेरल्ड आहे त्यांनी ती अख्खी ठेवावी. अगदीच शक्य नसेल तर पुढचे सस्पेन्शन, मागचा पाटा, दारे, काचा आणि बॉनेटच्या बिजागऱ्या उतरवून, चिठ्ठ्या लावून, जपणाऱ्या माणसाला द्याव्यात. ज्या मिस्त्रींनी साठ-सत्तरच्या दशकांत या गाड्या उघडल्या ते आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्याजवळ बसा, मोबाइलवर त्यांचे बोलणे रेकॉर्ड करा, कोणता आवाज कुठल्या बुशचा हे त्यांच्याकडून ऐकून ठेवा. आणि आयटीआयच्या मोटर मेकॅनिकच्या शिक्षकांनो, एक हेरल्ड वर्कशॉपमध्ये आणा. बॉनेट उलथले की सस्पेन्शन कसे काम करते हे मुलांना डोळ्यांनी दिसते. आजच्या गाडीत ते दाखवायला अर्धी गाडी उतरवावी लागते.

जिल्ह्याजिल्ह्यात हेरल्डवाल्यांनी एकमेकांना शोधावे, गाडीचा चासीस नंबर, मॉडेल आणि काय कमी आहे याची एक सामाईक यादी करावी. मुंबईतल्या विंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियासारख्या संस्थांशी बोलावे. ट्रनियनची पहिली सामुदायिक ऑर्डर पुढच्या पावसाळ्याआधी कोल्हापूरला गेली पाहिजे. तुमच्या गाडीला आज एखादाही ट्रनियन नको असला तरी दोन तुमच्या नावावर लिहा, कारण तुमच्या दोनांमुळेच विसाव्या माणसाला परवडणार आहे. आणि तोवर गाडी विकायची वेळ आलीच, तर आधी यादीतल्या लोकांना विचारा, मग क्लबला. भंगारवाल्याला सगळ्यांत शेवटी.