रथाची पाचर आणि पिकअपचा हूक

तंजावरच्या राजवाड्याला वेढणाऱ्या चार राजवीथींवरून चित्तिरै महिन्यात बृहदीश्वराचा रथ निघतो. सुमारे शतकभराच्या खंडानंतर 2015 मध्ये ही रथयात्रा पुन्हा सुरू झाली. बघ्यांचे लक्ष दोर ओढणाऱ्या जमावाकडे असते. खरे कसब मात्र चाकाशी वाकून चालणाऱ्या चारदोन माणसांच्या हाती असते. त्यांच्याजवळ लाकडी पाचरी असतात; तमिळमध्ये त्यांना ‘मुट्टुक्कट्टै’ म्हणतात. पाचर नेमक्या क्षणी चाकाखाली सरकवूनच रथ वळवला जातो आणि थांबवलाही जातो. पूर्वेकडील तिरुवारूरचा, एकेकाळी याच भोसल्यांच्या राज्यातला, रथ सुमारे 300 टनांचा आहे. त्याला तिरुचिरापल्लीच्या ‘भेल’ कारखान्याने द्रवचालित ब्रेक बसवून दिले. ओढायला हजारो हात उपलब्ध होते. उणीव होती ती थांबवणाऱ्या साधनाची.

हे स्मरण होण्याचे कारण अगदी आजचे आहे. शेतमाल, फवारणीचे ब्लोअर आणि पाण्याच्या टाक्या डिझेल पिकअपमागे जोडून नेण्याची पद्धत वाढते आहे. त्याबरोबरच इंजिनाचे ‘रिमॅप’ करून शक्ती वाढवण्याचा मोहही वाढतो आहे. माझे मत स्पष्ट आहे: शक्ती वाढवलेली पिकअप ओझे ओढण्यासाठी अधिक योग्य होत नाही, उलट अधिक धोकादायक होते. आपल्या यांत्रिकीकरण प्रशिक्षणांत नांगर आणि रोटाव्हेटर यांना जेवढा वेळ मिळतो, त्याच्या दशांशही ट्रॉली जोडण्याच्या शास्त्राला मिळत नाही, ही आपली उणीव आहे.

रिमॅपमध्ये प्रत्यक्षात काय होते? संगणकीय नियंत्रणात फेरफार करून सिलिंडरमध्ये जादा डिझेल सोडले जाते आणि टर्बोचा दाब वाढवला जातो. मोकळ्या रस्त्यावर क्षणभर वेग घेताना हे सुखावह वाटते. पण ओझे घेऊन चढ चढताना ती क्षणाची गोष्ट उरत नाही. पंधरा-वीस मिनिटे इंजिन पूर्ण भाराखाली राहते. निकासवायूचे तापमान चढते, त्याची झळ पिस्टनला व टर्बोच्या पात्यांना बसते, आणि मूळ टॉर्कसाठी बनवलेला क्लच घसरू लागतो. ब्रेक, टायर, चासी, स्प्रिंगा आणि हूक मात्र पूर्वीचेच असतात. वाढले ते केवळ ओढण्याचे बळ.

कीटकशास्त्रज्ञाने यात का पडावे, असे कोणी विचारील. ऑन्थोफॅगस टॉरस हा शेणकिडा स्वतःच्या वजनाच्या 1,141 पट भार ओढू शकतो, असे 2010 मध्ये मोजले गेले आहे. पण त्याला ब्रेक लागत नाही. इतक्या अल्प वस्तुमानाचा जीव पाय थांबताच थांबतो. आपली गाडी तशी नाही. वेग ताशी 40 वरून 60 किलोमीटर झाला की गतिज ऊर्जा सव्वादोन पट होते आणि ब्रेक लावल्यानंतरचे अंतरही त्याच प्रमाणात वाढते. तीन टनांच्या भरलेल्या गाडीमागे दीड टनाची ब्रेकविरहित ट्रॉली जोडली, तर ते अंतर आणखी सुमारे दीडपट होते.

दुसरे कारण अधिक जवळचे आहे. लेबलवरील मात्रा अपुरी समजून दुप्पट औषध ओतणारा शेतकरी आणि वाहनावरील वजनाची पाटी दुर्लक्षून चिप बसवणारा शेतकरी, यांची विचारसरणी एकच आहे. भातावर काही कीटकनाशकांच्या अतिरेकाने तपकिरी तुडतुड्यांचा पुनरुद्रेक होतो, हे आपण वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. वाहनाच्या पाटीबद्दल मात्र आपण मौन बाळगतो.

तिसरे कारण टाकीत आहे. फवारणीचे द्रावण भरून रस्त्यावरून नेणे मला मुळीच मान्य नाही. 1,000 लिटर पाणी म्हणजे एक टन, आणि तेही हलते ओझे. अर्धी भरलेली टाकी सर्वांत वाईट. वळणावर सारे पाणी एका बाजूस झेपावते व ब्रेक लावताच पुढे आदळते. टाकीत आडव्या सच्छिद्र पट्ट्या नसतील, तर हा हेलकावा हुकापर्यंत पोहोचतो. तंजावरला कल्लणै कालवा मोठ्या मंदिराच्या अगदी जवळून वाहतो. त्रिभुज प्रदेशातले कितीतरी रस्ते असेच कालव्यांना धरून जातात. आपल्याकडे नीरेच्या किंवा गोदावरीच्या लाभक्षेत्रातही वेगळे चित्र नाही. सिंथेटिक पायरेथ्रॉइडसारखी औषधे अत्यल्प प्रमाणातही माशांना मारक असतात. तेथे टाकी उलटली, तर नुकसान एका शेतकऱ्याचे राहत नाही. टाकी रिकामी न्यावी, औषध वेगळ्या बंद पेटीत न्यावे, आणि पाणी बांधावर भरावे. एवढ्याने ओढायचे वजनही उतरते आणि रिमॅपची गरजही.

जोडणीबाबत थोडे. पिकअपमागील ट्रॉलीच्या एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार हुकावर यावा. 1,000 किलोला 100 ते 150 किलो. माल मागे लादला की हूक वर उचलला जातो आणि ट्रॉली शेपटीसारखी डोलू लागते. अशा वेळी ब्रेक करकचून दाबू नये, वेगही वाढवू नये. ॲक्सिलरेटरवरून पाय हळूहळू काढून स्टिअरिंग सरळ धरावे. सुरक्षा साखळ्या हुकाखालून एकमेकींना छेदून लावाव्यात. उतारावर गिअर आधीच खालचा घ्यावा, कारण तापलेले ब्रेक नंतर ऐकत नाहीत. पेंढ्याची उंच रास लादणाऱ्यांनी वरच्या तारांकडेही पाहावे. तंजावरजवळील कळिमेडू येथे 27 एप्रिल 2022 रोजी रथाचा उच्चदाब वीजवाहिनीला स्पर्श होऊन 11 जणांचा मृत्यू झाला.

कायद्याचा प्रश्नही आहेच. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार निर्मात्याच्या मूळ विनिर्देशांपासून वेगळा फेरफार करण्यास मनाई आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक फेरफारासाठी मालकास 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही होऊ शकतात. अतिभारासाठी 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे 2,000 रुपये, ही तरतूद वेगळी. पण दंडाच्या भीतीने प्रश्न सुटेल, असे मला वाटत नाही. ज्याला तीन टनांच्या घरातले कापणीयंत्र हलवायचे आहे, त्याने दीड टन वाहणारी पिकअप ‘तयार’ करून घेण्यापेक्षा त्या दिवसापुरता योग्य वाहनाचा भाडेकरार करावा. अवजार बँकांनी ब्रेक असलेल्या ट्रॉल्या भाड्याने ठेवाव्यात. विस्तार कार्यकर्त्यांनी येत्या हंगामाच्या पहिल्या फवारणी प्रात्यक्षिकात नोझल दाखवण्यापूर्वी ट्रॉलीचा हूक, साखळी आणि वजनाची पाटी तपासून दाखवावी. त्याला पाच मिनिटे लागतात.