घसारा : वहीतला आणि गाडीतला



घसारा हा शब्द व्यापारी कुटुंबात मुलांच्याही कानांवर लवकर पडतो. स्वतःच्या व्यवसायासाठी वापरल्या जाणाऱ्या मालवाहू वाहनावर आयकराच्या हिशेबात १५ टक्के, तर भाड्याने चालणाऱ्या वाहनावर ३० टक्के घसारा दरसाल उरलेल्या किमतीवर धरला जातो. १५ टक्क्यांच्या दराने दहा वर्षांत पिकअपची पुस्तकी किंमत मूळ किमतीच्या जेमतेम पाचव्या हिश्शावर येते. दुकानातील पोती मात्र ती पूर्वीइतकीच वाहत असते. वहीतला घसारा कर वाचवितो. गाडीतला घसारा वेळीच रोखला नाही, तर तो माणसांच्या जिवावर बेततो. स्टेअरिंगच्या सांध्यांविषयी हे विशेष खरे आहे.

स्टेअरिंग फिरविले की त्याची गती दांड्यांमार्फत पुढच्या चाकांपर्यंत पोहोचते. दांडा जेथे जोडलेला असतो, तेथे वाटीत बसविलेली पोलादी गोळी असते. यालाच कारागीर टाय रॉड एंड किंवा बॉल जॉइंट म्हणतात. काही गाड्यांत चाक किंगपिनभोवती वळते. धातू धातूवर घासू नये, पाणी व धूळ आत शिरू नये, हे काम ग्रीसचे. ग्रीस सुकले किंवा वरचे रबरी बूट फाटले, की पावसाळ्यातील चिखल आत जाऊन सांधा झिजवू लागतो. स्टेअरिंग जड होते, वळणानंतर आपोआप सरळ होत नाही, खड्ड्यात खडखड ऐकू येते, टायर एका बाजूने झिजतो. तरीही दुर्लक्ष झाले, तर एखाद्या दिवशी गोळी वाटीतून निसटते आणि चाक चालकाचे ऐकेनासे होते. ते घाटातील वळणावर घडले, तर काय होईल हे सांगावयास नको.

उपाय साधा आहे. गाडी सपाट जागी उभी करावी, हँडब्रेक ओढावा, मागच्या चाकांना ठोकळे लावावेत. पुढचा भाग जॅकने उचलून भक्कम स्टँडवर टेकवावा; केवळ जॅकच्या भरवशावर कोणी गाडीखाली जाऊ नये. भार उतरला की ग्रीस सांध्याच्या सर्व बाजूंस पोहोचते. निपल फडक्याने स्वच्छ पुसावे, अन्यथा त्यावरची धूळच ग्रीसबरोबर आत ढकलली जाते. मग ग्रीसगन बसवून सावकाश दाब द्यावा. किंगपिनमधून जुने काळे ग्रीस निघून नवे दिसू लागेपर्यंत, आणि रबरी बूट असलेल्या सांध्यात बूट किंचित फुगेपर्यंत. अधिक दाबल्यास बूट फाटते. मधूनमधून स्टेअरिंग दोन्ही बाजूंस फिरवावे. बाहेर आलेले ग्रीस पुसून घ्यावे. जमिनीवर पडलेल्या चिकट थरात मुंग्या-किडे अडकून मरतात, तेथेही जयणा पाळावी.

ग्रीस कोणते, असा प्रश्न आपल्या घरांत येणे स्वाभाविक आहे. या कामासाठी सामान्यतः २ क्रमांकाचे लिथियम ग्रीस वापरतात. त्याला घट्टपणा देणारा घटक बहुधा एरंडेल तेलापासून तयार होतो, आणि एरंडीच्या उत्पादनात भारत जगात अग्रेसर आहे. काही ग्रीसमध्ये प्राणिज चरबीपासून केलेले घटकही असू शकतात. म्हणून खरेदीच्या वेळी विक्रेत्याकडे चौकशी करावी. वेगवेगळ्या जातींची ग्रीस एकत्र करू नयेत.

एक मर्यादाही ध्यानात ठेवावी. झिजलेला सांधा ग्रीसने बरा होत नाही. एकाने स्टेअरिंग हलकेच डावी-उजवीकडे हलवावे आणि दुसऱ्याने सांध्यावर हात ठेवावा; तेथे ढिलेपणा जाणवला, तर सांधा बदलून चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे. ज्या सांध्यांना निपलच नसते, ते बंद स्वरूपाचे असतात. त्यांचे बूट तपासणे एवढेच आपल्या हाती.

पण हे करावयाचे कोणी? मालक समजतो चालक पाहील, चालक समजतो मिस्त्री पाहील. आठ वर्षांनंतर मालवाहू वाहनाची योग्यता तपासणी दरवर्षी होते, पण वर्षातील उरलेले दिवस जबाबदारी मालकाचीच. गाडीच्या पुस्तिकेत दिलेले किलोमीटरचे अंतर पाहून, पाण्यातून गेलेल्या गाडीस त्याहूनही लवकर, ग्रीस करावे. तारीख व किलोमीटर वहीत लिहावेत. उधारीची तारीख आपण विसरत नाही, तशीच हीही विसरू नये.

अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘अतिभार’ सांगितला आहे. तो बैलापुरता नाही. क्षमतेहून अधिक माल लादलेल्या आणि सांधे कोरडे पडलेल्या गाडीत आपण ज्या चालकाला बसवितो, त्याच्याही घरी वाट पाहणारी माणसे असतात. अप्रमादाचा उपदेश व्याख्यानात ऐकून आपण माना डोलावतो; तो गोदामाच्या अंगणात, गाडीखाली वाकूनही पाळता येतो.